भाव पुकारण्याआधी

करार ई-मेलने आला तेव्हा मी कल्याण स्टेशनवर लोकलची वाट पाहत होते. तेवीस पानांची पीडीएफ आणि सोबत चार ओळींचं पत्र : हा आमचा नेहमीचा करार आहे, शुक्रवारपर्यंत सही करून पाठवलात तर ओटीटी प्लॅटफॉर्मबरोबरच्या बैठकीआधी काम मार्गी लागेल. तो मंगळवार होता. डब्यात दाराजवळ उभी राहून मी मोबाइलवर वाचायला लागले आणि घाटकोपर येईपर्यंत पाचव्या पानावर पोचले. इंग्रजी मला येतं, मी अनुवादाची कामं करते. तरीही त्या पाच पानांतून माझ्या कथेचं नेमकं काय होणार आहे, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

कथा २०२२च्या एका दिवाळी अंकात आली होती. बाजार समितीच्या भुईकाट्यावर पावत्या फाडणाऱ्या बाईची गोष्ट. मानधन अडीच हजार रुपये मिळालं होतं आणि ते वेळेवर मिळालं याचाच मला आनंद झाला होता. जून २०२४मध्ये एका निर्मितीसंस्थेतून फोन आला. त्यांना तिच्यावर हिंदी वेब सीरिज करायची होती. फोनवरचा मुलगा कथेबद्दल इतकं मनापासून बोलला की मी पैशांचा विषयच काढला नाही. आकडा थेट करारात दिसला. चोवीस महिन्यांसाठी कथा राखून ठेवायचे अकरा हजार, आणि सीरिज झालीच तर एकूण दीड लाख.

मला तो आकडा वाईट वाटला नव्हता, हे आधी सांगते. मी दोन लाख मागावेत असं मनात ठरवलं आणि ते कसे मागावेत या विचारात दोन रात्री घालवल्या.

सही करायच्या आधी थांबले ती एका जुन्या अनुभवामुळे. काही वर्षांपूर्वी मी एका मालिकेचे संवाद लिहीत होते. टीव्हीवर पैसे भाग प्रक्षेपित झाल्यावर नव्वद दिवसांनी मिळतात, हे मला माहीत होतं. पण करारात 'मान्य झालेल्या भागांचे' असे शब्द होते आणि कुठला भाग कुणी, कधी मान्य करायचा ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. मालिका अचानक बंद झाली. माझे चौदा भाग लिहून झालेले होते, त्यातल्या नऊ भागांचे पैसे मला कधीच मिळाले नाहीत. तो एक शब्द माझ्या नजरेतून सुटला होता. तेव्हा या वेळी स्क्रीनरायटर्स असोसिएशनमधल्या एका ज्येष्ठ लेखिकेला फोन केला आणि तिने मला विलेपार्ल्यातल्या एका वकीलबाईंचा नंबर दिला. या बाईंनी अकरा वर्षं निर्मात्यांच्या बाजूने असेच करार लिहिले होते, आता त्या लेखक, गीतकार, संगीतकारांची कामं बघतात.

फोनवर मी फी विचारली. त्यांनी पंचवीस हजार सांगितली. मी म्हटलं, "चालेल मॅडम."

शुक्रवारी त्यांच्या ऑफिसात गेले. निर्मात्यांना त्यांनी आदल्या दिवशीच माझ्याकडून दोन ओळी पाठवायला लावल्या होत्या : करार मिळाला, वाचते आहे, दहा दिवसांत लेखी कळवते. मला वाटलं होतं हे वाचून तिकडचे लोक नाराज होतील. तासाभरात उत्तर आलं, 'नक्की, सावकाश पाहा.' शुक्रवारची घाई तिथेच संपली.

मॅडमनी करार उघडलाच नाही. म्हणाल्या, "तुम्ही फोनवर 'चालेल' म्हणालात. पंचवीस हजारात मी काय काय करणार, ते विचारलंत का? किती वेळा मसुदा तपासणार, तुमच्याबरोबर बैठकीला येणार की नाही, पत्रं कोण लिहिणार, पैसे कधी द्यायचे?"

मी काहीच विचारलं नव्हतं.

"मग आत्ता विचारा. आकड्याला हात न लावता विचारा."

अर्ध्या तासात कळलं की त्या फीमध्ये मसुद्याच्या तीन फेऱ्या आणि लेखी शेरे येतात, बैठकीला येणं येत नाही. मी विचारलं की बैठकीला येण्याऐवजी मला तयार कराल का? त्या हो म्हणाल्या. निम्मे पैसे आत्ता, निम्मे सही झाल्यावर, हेही मान्य केलं. फी पंचवीस हजारच राहिली, पण फोनवर मी जे घेत होते त्यापेक्षा खूप वेगळं काहीतरी घेऊन मी त्या खोलीतून निघणार होते. वाटाघाटीचा माझा पहिला धडा माझ्याच वकिलाशी झाला आणि त्यात त्यांचं काही नुकसान झालं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मी तोवर धरून चालले होते की मला जास्त मिळालं म्हणजे समोरच्याचं तेवढं गेलं.

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काय विकताय?"

"कथा."

"कथा म्हणजे काय? अंक तर लोकांनी विकत घेतलेलाच आहे."

त्यांना माझ्या गावाकडचं ठाऊक झालं होतं. निफाड तालुक्यात आमची पाच एकर जमीन आहे, नाना अजून कांदा करतात. म्हणून त्यांनी मला जमिनीच्या भाषेत समजावलं. जमीन कायमची खरेदीखताने देता येते, खंडाने देता येते, वाट्याने देता येते, नुसती विहिरीच्या पाण्याची पाळी देता येते. आणि खरेदीच्या आधी इसार घेतात. इसार घेतला की ठरलेल्या मुदतीत दुसऱ्याला विकायची नाही, आणि मुदतीत घेणाऱ्याने व्यवहार पुरा केला नाही तर इसार बुडाला. "हे पहिलं पान आहे ना, ऑप्शन म्हणतात ते, हा इसार आहे. आता मला सांगा, तुमच्या वडिलांनी अकरा हजार इसार घेऊन दोन वर्षं जमीन अडकवून ठेवली असती का?"

मी हसले नाही. माझ्या डोळ्यासमोर नानांचा चेहरा आला.

त्याआधी एक प्रश्न होता, ज्याचा मी विचारच केला नव्हता. कथा दिवाळी अंकाने छापली, मानधन दिलं, मग हक्क कुणाचे? मी संपादकांना विचारायच्या तयारीत होते. मॅडमनी कॉपीराइट कायदा, १९५७ काढून कलम १९ दाखवलं. हक्काचं हस्तांतरण लेखी नसेल आणि त्यावर देणाऱ्याची सही नसेल तर ते वैधच नाही. मी अंकाला सही करून काहीच दिलं नव्हतं, त्यांच्या नोकरीतही नव्हते. म्हणजे छापायची परवानगी दिली होती, बाकी सगळं माझ्याकडेच होतं. दिवाळी अंकात लिहिणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल? वीस-वीस वर्षं लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणींनाही माहीत नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते आहे.

त्या कलमात आणखी दोन गोष्टी आहेत. करारात मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरतं. म्हणूनच माझ्या करारात 'संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी' हे शब्द चार वेळा आले होते. पहिल्यांदा वाचताना ते मला वकिली अलंकार वाटले होते. आता कळलं की प्रत्येक शब्द कायद्यातली एकेक खिडकी बंद करायला बसवलेला आहे.

दुसऱ्या भेटीला त्यांनी मला घरचा अभ्यास दिला. एका कागदावर लिहायचं : हा व्यवहार झालाच नाही तर माझं काय होईल? भावना नकोत, महिना-दर-महिना काय होईल ते हवं.

हा कागद लिहिताना मला लासलगाव आठवलं. मी आठवीत असताना नानांबरोबर पहिल्यांदा लिलावाला गेले होते. ट्रॉल्या ओळीने उभ्या, व्यापारी एकेका ट्रॉलीपाशी येऊन कांदा हातात घेऊन भाव पुकारत पुढे जातात. शेतकऱ्याला तिथे स्वतःचा भाव पुकारता येत नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट असते, भाव पटला नाही तर नाही म्हणून ट्रॉली परत न्यायची. पण ती परत कोण नेऊ शकतो? लाल कांदा टिकत नाही, तो आणला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो. ज्याच्याकडे कांदाचाळ आहे तो माणूस वेगळ्या पायांवर उभा असतो. नाना तेव्हा चाळ बांधण्यासाठी कर्ज काढायचं म्हणत होते आणि आई नको म्हणत होती. पुढे चाळ झाली. त्या वर्षीपासून नाना लिलावात बदलले. आवाज चढला नाही, उलट ते कमी बोलायला लागले.

माझी चाळ काय आहे, हे मी त्या कागदावर लिहिलं. अनुवादाचं काम वर्षभराचं हातात आहे. एका प्रकाशकाने कथासंग्रहाबद्दल विचारलंय. पुण्यातल्या एका कॉलेजच्या मुलांना या कथेवर एकांकिका करायची होती, मी त्यांना उत्तरच दिलेलं नव्हतं. कथा नासणारी नाही, आणखी दोन वर्षं तशीच राहिली तरी तिचं काही बिघडत नाही. आणि मला या महिन्यात पैशांची निकड नाही. हे शेवटचं वाक्य मी लिहिलं आणि बराच वेळ त्याकडे पाहत राहिले. कारण दोन रात्री मी निकड असल्यासारखीच वागले होते.

मॅडमनी कागद वाचून विचारलं, "दोन लाखांचा आकडा कुठून आणलात?"

प्रामाणिक उत्तर असं होतं की निर्मात्यांना राग येणार नाही एवढं मी मागत होते. त्यामागे दुसरा काहीच हिशोब नव्हता. हे मी मॅडमना सांगितलं आणि सांगताना मला रडू आलं. मध्यमवर्गीय मराठी घरात, विशेषतः बाईला, पैशाबद्दल बोलणं हे हावरटपणाचं लक्षण म्हणून शिकवलेलं असतं. लेखनाच्या पैशाबद्दल तर अधिकच. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि सरळ पुढच्या प्रश्नावर गेल्या. त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी आहे. सहानुभूती दाखवली असती तर तो तास तिथेच संपला असता.

पुढचा प्रश्न होता, "आता त्यांच्या खुर्चीत बसा. त्यांना कशाची भीती आहे?"

मॅडमना हे आतून माहीत होतं. निर्माता सीरिज घेऊन प्लॅटफॉर्मकडे जातो तेव्हा प्लॅटफॉर्म आधी कागद मागतो. मूळ कथा कुणाची, तिने हक्क कुणाला दिले, मध्ये कुणाचा दावा आहे का. जमिनीचे फेरफार तपासतात तशी ही साखळी. त्यात एक कडी सुटली तर प्लॅटफॉर्म पुढे सरकत नाही. शिवाय प्लॅटफॉर्म निर्मात्याकडून बहुतेक सगळे हक्क स्वतःकडे घेतो, त्यामुळे निर्मात्याला माझ्याकडून जे मिळालेलं नाही ते तो पुढे देऊ शकत नाही. तेवीस पानांत एवढं ओरबाडून घेण्यामागे काही अंशी ही भीती आहे. "म्हणून," मॅडम म्हणाल्या, "प्रत्येक कलमापाशी विचारायचं की हे त्यांना खरंच लागतं की सवयीने मागितलंय. लागत असेल तिथे भांडू नका, त्याबदली काहीतरी घ्या. सवयीचं असेल तिथे हटू नका."

मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं इतकं उपयोगी वाक्य होतं ते. पुढचे दोन आठवडे आम्ही तेवढंच केलं. तेवीस पानं, प्रत्येक कलमाच्या कडेला पेन्सिलीने 'लागतं' किंवा 'सवय'.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण माझा दृष्टिकोन तिथे बदलला. करारात एक ओळ होती : कलम १९(४) या कराराला लागू राहणार नाही. मी कायदा वाचला. हक्क घेणाऱ्याने एका वर्षात ते वापरले नाहीत तर, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर, ते हक्क आपोआप परत येतात. मला संताप आला. लेखकाला संरक्षण देणारं कलम एका ओळीत काढून टाकलंय! मी ठरवलं की ही ओळ जायलाच हवी. मॅडम म्हणाल्या, "सीरिजला किती वेळ लागतो? लेखन, प्लॅटफॉर्मची मंजुरी, कलाकारांच्या तारखा, चित्रीकरण. एका वर्षात कुणीच करू शकत नाही. हे त्यांना खरंच लागतं. ही ओळ तुम्ही काढायला लावलीत तर व्यवहार मोडेल, आणि मोडायलाच हवा." मग आम्ही ती ओळ ठेवली आणि तिच्या बदली दुसरं कलम मागितलं : पूर्ण खरेदीनंतर चार वर्षांत मुख्य चित्रीकरण सुरू झालं नाही तर सगळे हक्क लेखिकेकडे परत, घेतलेले पैसे परत न करता. त्यांनी पाच वर्षं म्हटलं, आम्ही हो म्हटलं. त्यांची भीती गेली, आणि माझी कथा कुणाच्या तरी कपाटात कायमची कोंडली जाण्याची माझी भीतीही गेली.

रॉयल्टीचं कलम याच्या उलट होतं. 'लेखिका रॉयल्टीचा कोणताही हक्क सोडून देत आहे.' २०१२च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरल्या गेलेल्या साहित्यकृतीच्या लेखकाला किंवा संगीताच्या रचनाकाराला, चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाखेरीज इतर वापरांच्या रॉयल्टीतला समान वाटा सोडून देताच येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो, बाकी कुणाला दिला तरी तो करार तेवढ्यापुरता निरर्थक. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर ज्या दुरुस्तीसाठी आवाज उठवला ती हीच. 'सिनेमा' या शब्दात कायद्याच्या व्याख्येनुसार फक्त थिएटरातला सिनेमा येत नाही, हेही मला तिथेच कळलं. प्रत्यक्षात हे पैसे लेखकाच्या हातात पडण्याचा रस्ता अजून लांबचा आहे, पण हक्क कागदावर जिवंत ठेवायला हवा. हे कलम 'सवय' होतं. त्यांचे वकील ओळ काढायला तयार नव्हते, तेव्हा मॅडमनी पुढे सहा शब्द जोडायला सांगितले : 'कायद्याने मिळणाऱ्या हक्काला बाधा न येता'. त्यांची ओळ राहिली, तिचा दात गेला.

बैठकीच्या आधी दोन संध्याकाळी सराव झाला. मॅडम निर्मात्या, मी मीच. त्या सुंदर अभिनय करतात. "अहो, सगळेच यावर सही करतात." मी पहिल्या वेळी लगेच स्पष्टीकरण द्यायला लागले. त्यांनी थांबवलं. "स्पष्टीकरण द्यायचं नाही, विचारायचं. यातली कुठली कलमं तुम्ही आधी कुणासाठी बदलली आहेत?" पुन्हा केलं. मग आकडा. मी म्हटलं, "सहा लाख, पण म्हणजे तुमचं बजेट कसं आहे त्यावर..." त्यांनी टेबलावर हात आपटला. "'सहा लाख' नंतर पूर्णविराम. तुम्ही लेखिका आहात, पूर्णविराम कुठे द्यायचा ते तुम्हाला कळतं." अकरा वेळा केलं ते वाक्य. दहाव्या वेळेपर्यंत मी 'पण' म्हणत होते.

सहा लाखांचा आकडा मात्र हवेतून आला नव्हता. असोसिएशनने लेखकांसाठी किमान अटींचा जो नमुना करार तयार केला आहे तो आम्ही समोर ठेवला. मॅडमना अलीकडच्या व्यवहारांचा अंदाज होता, आणि कथेतून किती भाग निघू शकतात ते मी मोजलं. आठ भाग. आकड्यामागे कारण असलं की तो उच्चारताना जीभ अडखळत नाही.

बैठक ओशिवऱ्याला होती. समोर क्रिएटिव्ह प्रोड्यूसर, त्यांच्या कायदा विभागातला एक तरुण, आणि ज्याने पहिला फोन केला होता तो मुलगा. चहा आला, कथेचं कौतुक झालं. मग प्रोड्यूसरबाईंनी सहज विचारलं, "दुसऱ्या सीझनमध्ये ही बाई कुठे जाईल असं वाटतं तुम्हाला?" माझ्याकडे उत्तर होतं आणि ते फार चांगलं होतं. तोंड उघडलं आणि मॅडमनी सांगितलेली १९७८ची केस आठवली. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. सर्वोच्च न्यायालयाने तिथे स्पष्ट केलं की कल्पनेवर, विषयावर, कथानकाच्या सूत्रावर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. आपलं नाटक चित्रपटात वापरलं गेलं असं म्हणत नाटककार शेवटच्या न्यायालयापर्यंत गेले आणि हरले. मी म्हटलं, "आहे डोक्यात काहीतरी. आधी पहिल्या सीझनचं ठरवू, मग लिहूनच देते." बाई हसून हो म्हणाल्या. त्यांचा हेतू वाईट होता असं मला अजिबात वाटत नाही. गप्पांच्या ओघात लेखक किती देऊन टाकतो, एवढंच मला त्या क्षणी दिसलं.

मग पैशांचं निघालं. मी सहा लाख म्हटलं आणि थांबले. कायदा विभागातल्या मुलाने लॅपटॉपमध्ये काहीतरी टाइप केलं. बाई खिडकीकडे पाहत होत्या. मला नाना आठवले, ट्रॉलीला टेकून, नजर जमिनीकडे. किती सेकंद गेले ठाऊक नाही. बाई म्हणाल्या, "एकदम नाही होणार. टप्प्यांत?" म्हणजे आकड्याला त्या नाही म्हणाल्याच नव्हत्या. घासाघीस झाली, शेवटी साडेपाच लाखांवर आलो. इसार बारा महिन्यांचा, साठ हजार. वाढवायचा तर फक्त एकदा, सहा महिन्यांसाठी, आणि मुदत संपायच्या आधी आणखी चाळीस हजार भरून. भरले नाहीत तर पत्राशिवाय हक्क मोकळे.

टप्पे ठरवताना मी 'मान्यतेनंतर' हा शब्द शोधून शोधून काढला. जिथे राहिला तिथे लिहून घेतलं की पंधरा कामकाजाच्या दिवसांत लेखी आक्षेप आला नाही तर मान्य समजावं. नुकसानभरपाईच्या कलमाला मर्यादा घातली. कुणीही दावा केला तर लेखिकेने अमर्याद पैसे भरायचे असं ते होतं, आता मला मिळालेल्या रकमेपुरतं आणि माझ्या माहितीतल्या गोष्टींपुरतं राहिलं. रंगभूमी, पुस्तक, ऑडिओ आणि अनुवादाचे हक्क माझ्याकडे राहिले. त्यांना ते लागतच नव्हते, विचारल्यावर दोन मिनिटांत सोडले.

सगळं मिळालं नाही. पटकथेवर अंतिम शब्द माझा असावा ही मागणी मी मनापासून केली होती आणि ती फेटाळली गेली. 'सल्लामसलत' मिळाली, बंधनकारक नसलेली. कथेतल्या त्या बाईला त्यांनी गाणं म्हणायला लावलं तर मी काही करू शकत नाही. हे मला आजही सलतं. कथेचं विकृतीकरण होऊन लेखकाच्या प्रतिष्ठेला धक्का बसला तर आक्षेप घेण्याचा कलम ५७ चा हक्क सोडून द्यायची ओळ मात्र आम्ही काढायला लावली. मन्नू भंडारींनी 'आपका बंटी'वरच्या चित्रपटाविरुद्ध याच कलमावर दिल्ली उच्च न्यायालयात लढा दिला होता. न्यायालयाने १९८६मध्ये म्हटलं की माध्यमासाठी बदल करता येतील, पण हक्क विकल्याचा करार या कलमाच्या अधीन राहूनच वाचायचा. एका हिंदी लेखिकेच्या त्या हट्टाचा उपयोग चाळीस वर्षांनी मला होतो आहे, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आणि एक गोष्ट मी आपणहून दिली. करारात निव्वळ नफ्यातले दोन टक्के लिहिलेले होते. मला ती सर्वात मोठी देणगी वाटत होती. मॅडमनी 'निव्वळ नफा' या शब्दाची व्याख्या वाचायला सांगितली. दीड पान होती. वितरण, व्याज, कार्यालयीन खर्च, प्रसिद्धी, सगळं वजा करून जे उरेल ते. "यातून लेखकाला काही मिळालेलं मी अकरा वर्षांत पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. मी ते दोन टक्के सोडले आणि त्याबदली श्रेयनामावलीत 'मूळ कथा' म्हणून स्वतंत्र पाटी आणि पोस्टरवर नाव घेतलं. नाव कुणाला वजा करता येत नाही.

सप्टेंबरच्या शेवटी सह्या झाल्या. करार आता सत्तावीस पानांचा होता. प्रत्येक पानावर छोटी सही करताना मला प्रत्येक कलम काय म्हणतं ते सांगता येत होतं. टीडीएस दहा टक्के कापून चोपन्न हजार खात्यात आले. मी नानांना फोन केला. त्यांनी आकडा विचारला नाही. विचारलं, "इसाराची मुदत केवढी?" मी सांगितली. "वाढवायला पैसे लागतील असं लिहिलंय ना?" म्हटलं, लिहिलंय. "मग ठीक."

एकांकिकेच्या मुलांना मी त्याच आठवड्यात उत्तर दिलं. स्पर्धेचे प्रयोग विनामूल्य, तिकीट लावलं तर प्रयोगामागे पाचशे रुपये, जाहिरातीत मूळ कथेचं नाव. एका पानावर, दोघांच्या सह्या. त्यांच्यातला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आधी कुणी लिहून घेतलं नव्हतं आमच्याकडून." मी त्याला कलम १९ समजावून सांगितलं. तोही लिहितो.

सीरिजची पटकथा अजून लिहिली जाते आहे असं कळतं. ऑगस्ट २०२५मध्ये, मुदत संपायला पाच आठवडे उरलेले असताना, तिकडून फोन आला. पहिल्या फोनवरचाच मुलगा, तसाच मनापासून बोलणारा. प्लॅटफॉर्मचा निर्णय लांबलाय, तीन महिने असेच वाढवून द्याल का, आता तर आपण एकाच टीममध्ये आहोत. तो खरंच अडचणीत होता, आवाजावरून कळत होतं. मी त्याला म्हटलं की मला सीरिज व्हायला हवी आहे, तुम्ही काय हवं ते लिहून पाठवा, मी उद्या उत्तर देते. संध्याकाळी ई-मेल आला. रात्री फाइल काढली, अकराव्या पानावर तो परिच्छेद होता. सकाळी मी लिहिलं : वाढीव मुदतीला माझी पूर्ण संमती आहे, करारात ठरल्याप्रमाणे सहा महिने, चाळीस हजार, २६ सप्टेंबरच्या आत. तीन महिन्यांनी तुमचं भागत असेल तरी मी सहाच देते, म्हणजे तुम्हाला पुन्हा विचारावं लागणार नाही.

पैसे १९ तारखेला आले.